तसबिरीपासून टेलिफोनपर्यंत

व्यभिचार रंगमंचावर घडताना सहसा दिसत नाही. दिसते ती त्याची खूण: एखादी वस्तू, बंद दार, अर्धवट ऐकू आलेलं संभाषण. मराठी नाटकात ही खूण बदलत गेली, तसं अपराधीपणाचं ओझंही एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेलं.

गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ (१८९०) लिहिलं आणि १८९३ साली ‘तसबिरीचा घोटाळा’. हा घोटाळा मूळचा फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० च्या प्रहसनातला, इंग्रजीमार्गे आलेला. पुढे १९१६ मध्ये पदांसह तो ‘संगीत संशयकल्लोळ’ झाला. त्याची यंत्रणा अजून चोख चालते. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, ती निरखताना तिला फाल्गुनराव पाहतो. नवराबायको दोघांकडेही ‘पुरावा’ आहे आणि दोघंही निर्दोष आहेत. प्रेक्षकाला हे आधीच ठाऊक असतं, म्हणून हशा पिकतो. तसबीर नेमकी कुणाच्या हातून पडली हे प्रयोगात धूसर राहिलं, तर पुढचा सगळा गोंधळ नुसती आरडाओरड वाटतो. इथे संशय भरपूर, अपराधीपणा मात्र शून्य.

तो आला ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’मधून (१९३३). श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून ते रचलं. प्रश्न साधा होता: लग्नाआधीचं चारित्र्य फक्त बाईलाच का विचारायचं? ब्यर्नसनचाच समकालीन नाटककार इब्सेन, त्याच्या परंपरेतली युक्तीही त्याबरोबर आली. चूक पडदा उघडण्यापूर्वीच होऊन गेलेली असते, नाटक तिच्या उघड होण्याचं असतं. वास्तवदर्शी दिवाणखान्यात कोण कुठल्या दारातून आलं आणि काय ऐकून आलं याला मग किंमत आली. माहिती फुटण्याचा क्षण फार लवकर आला, तर उरलेल्या अंकात फक्त वादावादी उरते. या प्रकारच्या नाटकांचं जुनं दुखणं तेच.

आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये (१९६२) लखोबा बायका फसवतो आणि त्याला पश्चात्ताप शिवतही नाही, शीर्षकच नकाराचं आहे. फिरत्या रंगमंचामुळे कोर्ट आणि त्याचे संसार झटपट पालटतात, त्यामुळे त्याचा निगरगट्टपणा जास्तच बोचतो.

तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी बसवलं. रमा आणि दीर रजनीनाथ यांचं नातं रूढ अर्थाने व्यभिचार, पण त्या घरात माया उरलेली आहे ती तेवढ्याच जागी. लोकांच्या लक्षात मात्र रमेच्या नणंदेच्या, माणिकच्या साडीवरचा गर्भपाताचा लाल डाग राहिला. नाटकांच्या परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाची हरकत आली, डाग निळा झाला आणि तो लाल समजावा, असं प्रेक्षकांना सांगण्यात आलं. हरकतीने खूण पुसली जाण्याऐवजी ठळकच झाली.

प्रशांत दळवींच्या ‘चारचौघी’त (१९९१) वस्तूही उरत नाही. नवऱ्याचं दुसरीकडे प्रकरण आहे हे कळल्यावर विद्या त्याच्याशी फोनवर बोलते. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. हा प्रवेश उभा राहतो तो थांब्यांवर. नटीने पलीकडचं वाक्य मनात पूर्ण ऐकलं नाही, तर थांबे आखूड पडतात आणि संभाषणाचं भाषण होतं. शिवाय विद्याची आई स्वतः एका विवाहित पुरुषाबरोबरच्या नात्यातून तीन मुली वाढवलेली. ‘दुसरी बाई’ आणि फसवली गेलेली बायको एकाच घरात, मायलेकी म्हणून.