पाळी जाताना उडणारी झोप

चाळिशी ओलांडली की पाळी पुढेमागे व्हायला लागते आणि त्याच सुमारास बऱ्याच जणींची झोप उडते. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात, भारतात ते साधारण ४६-४७ ला होतं, पण झोपेची कटकट त्याच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकते. घरात याला टेन्शन म्हणतात. पण बऱ्याचदा मेंदूचा थर्मोस्टॅटच हळवा झालेला असतो, इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की अंगाचं तापमान जरासं वाढलं तरी मेंदूला वाटतं फार उकडतंय, आणि मग गरम वाफा आणि घाम. रात्री तीनला जाग येते, मान-छाती ओलीचिंब, पंखा पाचवर, पाच मिनिटांत कुडकुडत चादर ओढायची, आणि शेजारून आवाज येतो "पंखा कमी कर गं". शिवाय प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही कमी होतं, ज्याची झोप आणायला मदत असते.

गर्भपिशवीसोबत अंडाशयंही काढली तर हे सगळं एकदम आणि जोरात येतं. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या तरुणपणीच पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये गाजलं होतं, तेव्हा या बाजूबद्दल फार कमी बोललं गेलं.

उपायांत सगळ्यात भरवशाची सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशाची बिनगोळीची थेरपी. झोप कितीही मोडली तरी उठायची वेळ एकच ठेवायची, वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर सरळ उठून बाहेर बसायचं (मोबाइल न घेता, हेच अवघड), दुपारची लांबलचक डुलकी बंद. पाचच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री दहालाही अंगात असू शकतं. वाफा फारच असतील तर हार्मोन थेरपी, म्हणजे कमी झालेलं हार्मोन औषधातून देणं. २००२ च्या अमेरिकन अभ्यासानंतर तिची भीती बसली ती अजून गेली नाही, पण साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत असलेल्या बऱ्याच जणींना ती चालते, स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर मात्र सहसा देत नाहीत, हे डॉक्टरच ठरवणार.

आणि घोरणं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मध्येमध्ये थांबणं) वाढतो, पण बाई घोरते म्हटलं की घरात हशा होतो, तपासणी होत नाही. अंगावरून जास्त जाऊन लोह कमी झालं असेल तर रात्री पाय वळवळतात, तेव्हा फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) बघून घ्यावं.