नळी बदलली की पीळ बदलतो

भाच्याने मोबाइलवर एक रील दाखवली. बंदुकीची गोळी गरगर फिरत पडद्यावर येते आणि निवेदक घोगऱ्या आवाजात सांगतो, की गोळीला फिरवतात ती ड्रिलसारखी भोक पाडत आत शिरावी म्हणून. भाच्याला ते पटलं होतं. त्याच्या वयात मलाही पटलं होतं, त्यामुळे हसलो नाही. म्हटलं, कागद-पेन्सिल आण.

थ्री-नॉट-थ्री रायफलच्या नळीत आतून खाचा असतात. त्या सरळ नसतात, दोरीच्या पिळासारख्या वळत जातात आणि दर १० इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. म्हणजे नळीतून सुटलेल्या गोळीला १० इंच पुढे जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ती स्वतःभोवती एकदाच फिरते. एका फेऱ्यात १० इंच भोक पाडणारं ड्रिल कुठल्या सुताराकडे पाहिलंय? गोळी आत शिरते ती वेगाच्या आणि वजनाच्या जोरावर. फिरण्याचं कारण वेगळंच आहे, आणि ते समजून घ्यायला मला एका जुन्या बंदुकीची गोष्ट फार आवडते. तिची नळी काढून तिला दुसऱ्याच काडतुसाची नळी बसवली होती.

ती बंदूक म्हणजे मार्टिनी-हेन्री. ब्रिटिश सैन्याने ती १८७१ साली स्वीकारली. एका वेळी एकच बार. दस्त्याखालची तरफ खाली ओढली की आतला पोलादी ठोकळा तोंड खाली झुकवतो, रिकामं काडतूस मागे उडतं, अंगठ्याने नवं सरकवायचं, तरफ वर, की ठोकळा काडतुसाच्या बुडाला टेकून दार बंद. १८९७ साली सारागढीला ३६व्या शीख पलटणीच्या जवानांच्या हातात हीच बंदूक होती. तोवर गोऱ्या पलटणींकडे थ्री-नॉट-थ्रीची लहान व्यासाची, अनेक बारांची रायफल येऊन काही वर्षं झाली होती. १८५७ नंतर देशी शिपायाच्या हातात एक पिढी मागचं हत्यार ठेवायचं, हे सरकारी धोरणच होतं.

तर नवं काडतूस आलं, आणि जुन्या मार्टिनी ढिगाने पडून होत्या. ठोकळा उत्तम, तरफ उत्तम. भंगारात कशाला काढायच्या? नळी मागच्या पोलादी पेटीत आट्यांनी बसवलेली असते. जुनी काढली, थ्री-नॉट-थ्रीची बसवली. रिकामं काडतूस बाहेर काढणारा पंजा नव्या काडतुसाच्या मापाचा केला, नेम धरायच्या खुणा बदलल्या. अशा बंदुकांना, नळीतल्या खाचांच्या घडणीवरून, मार्टिनी-मेटफर्ड आणि पुढे मार्टिनी-एन्फील्ड म्हणतात.

नव्या काडतुसात दाब जास्त, मग जुन्या ठोकळ्याने तो सोसला कसा? उत्तर शाळेतलंच आहे: बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. जुन्या काडतुसाचं बूड सुमारे १७ मिलिमीटर व्यासाचं, नव्याचं पावणेबारा. व्यासाचा वर्ग केला की क्षेत्रफळ निम्म्याहून कमी भरतं. म्हणजे दाब दुप्पट झाला तरी ठोकळ्यावरचा धक्का जवळपास तेवढाच राहतो.

आता माझ्या लाडक्या भागाकडे येतो. जुन्या नळीचा पीळ होता २२ इंचांत एक फेरा. नव्या नळीचा १० इंचांत एक. हा फरक का?

लांबट गोळी हवेतून जाते तेव्हा हवेचा दाब जिथे एकवटतो, तो बिंदू तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, नाकाकडे असतो. गोळी केसभर जरी तिरकी झाली तरी हवा तिचं नाक आणखी वर ढकलते आणि ती कोलांटी खाऊ पाहते. बाणाला मागे पिसं असतात, म्हणून त्याच्याबाबत दाबाचा बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे जातो आणि बाण आपोआप सरळ होतो. गोळीला पिसं नाहीत. तिला भोवरा व्हावं लागतं.

भोवऱ्याला जाळी गुंडाळून फेकला की तो आरीवर उभा राहतो. कलला तरी पडत नाही. त्याचा माथा सावकाश गोल फिरत राहतो. कारण फिरत्या वस्तूला तुम्ही एका बाजूला ढकललं तर ती त्या बाजूला न जाता काटकोनात सरकते. भोवऱ्याला पाडू पाहतं ते गुरुत्वाकर्षण, गोळीला पाडू पाहते ती हवा. हवा नाक वर ढकलते, तर नाक बाजूला जातं. तिथे हवा पुन्हा ढकलते, तर ते खाली येतं. असं करत गोळीचं नाक उड्डाणाच्या रेषेभोवती बारीक घिरट्या घालतं आणि कोलांटी टळते. अट एकच: भोवरा पुरेसा जोरात फिरायला हवा.

पुरेसा म्हणजे किती? वूलिचच्या लष्करी अकादमीतले गणिताचे प्राध्यापक आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली याचं उत्तर दिलं. त्यातून निघालेला ठोकताळा खिशात मावेल एवढा आहे. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट आहे ते काढा, १५० ला त्या आकड्याने भागा. जे येईल तितक्या व्यासांच्या अंतरात एक फेरा हवा.

करून पाहू. जुनी गोळी ०.४५ इंच व्यासाची, ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम शिशाची. लांबी साधारण सव्वा इंच. सव्वा भागिले ०.४५ म्हणजे २.८. १५० भागिले २.८ म्हणजे ५४ व्यास. त्याचे इंच केले की २४. प्रत्यक्षात पीळ होता २२.

नवी गोळी ०.३११ इंच व्यासाची, २१५ ग्रेन, सुमारे १४ ग्रॅमची. आणि लांबी? तीही साधारण सव्वा इंचच! वजन निम्म्याहून कमी, पण लांबी तीच, फक्त बारीक. आता लांबी व्यासाच्या चौपट. १५० भागिले ४ म्हणजे साडेसदतीस व्यास, म्हणजे साडेअकरा इंचांच्या आसपास. प्रत्यक्षात १० ठेवला. एकाच ठोकताळ्यातून दोन्ही नळ्यांचे पीळ बाहेर पडताना पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन चकरा मारल्या होत्या. बायकोला वाटलं, लॉटरी लागली.

यामागचं थोडं जड गणित सांगतो; नको असेल त्यांनी एक परिच्छेद गाळावा. गोळीचं स्वतःच्या अक्षाभोवतीचं जडत्व वस्तुमान गुणिले व्यासाचा वर्ग, या प्रमाणात असतं. दोन्ही आकडे घटल्यामुळे नव्या गोळीचं हे जडत्व जवळजवळ पावणेपाच पट कमी झालं. स्थैर्याचा अंक काढताना हे जडत्व आणि फिरण्याचा वेग, दोन्हींचे वर्ग वर येतात. आडव्या अक्षाचं जडत्व आणि हवेचा उलथवणारा जोर खाली येतात. अंक १ च्या वर हवा. आता समजा, बारीक नळी बसवली पण पीळ जुनाच, २२ चा ठेवला. फिरण्याचा वेग २.२ पट कमी, त्याचा वर्ग साधारण ५, म्हणजे स्थैर्य पाचव्या हिश्श्यावर. गोळी थोड्या अंतरातच कोलांट्या खाऊ लागेल आणि निशाणाच्या कागदावर गोल भोकाऐवजी आडवी, लांबट चीर दिसेल.

वेगाचा हिशोबही मजेदार आहे. जुनी गोळी सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगाने सुटायची, म्हणजे सेकंदाला ७०० च्या वर फेरे. नवी सुमारे ६१० मीटरने, म्हणजे सेकंदाला २४०० फेरे. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर यापुढे अगदीच सुस्त.

आणखी एक गंमत. जुन्या नळीचा पीळ उजवा होता, नव्याचा डावा. गोळीला काडीचाही फरक पडला नाही, फक्त लांब पल्ल्यावर ती जराशी डावीकडे सरकू लागली. उजवा शंख घरात लक्ष्मी आणतो म्हणून हजारो रुपये मोजणाऱ्यांच्या माहितीसाठी हे नोंदवून ठेवतो.

मार्टिनीची नळी मात्र एकदा बदलून भागलं नाही. मेटफर्डच्या नळीतल्या खाचा उथळ आणि गोलसर होत्या. काळ्या दारूची राख साचू नये म्हणून त्या तशा केल्या होत्या. मग कॉर्डाइट आलं, म्हणजे नव्या प्रकारची दारू: ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के चक्क व्हॅसलीन. त्याच्या प्रचंड उष्णतेने उथळ खाचा भराभर झिजू लागल्या. म्हणून १८९५ पासून पाच खोल, चौकोनी कडांच्या खाचा असलेली एन्फील्डची नळी आली. पीळ तोच, डावा, १० इंचांत एक.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. ब्रिटिशांनी १८५७ नंतर पीळच काढून घेतला होता. देशी पलटणींना तेव्हा दिलेल्या, मार्टिनीच्याही आधीच्या जुन्या एन्फील्ड बंदुकांच्या नळ्या ०.५७७ वरून ०.६५६ इंचांपर्यंत पोखरून आतून गुळगुळीत केल्या होत्या. दिसायला बंदूक तीच. बार व्हायचा, धूर निघायचा, पण लांबवरचा नेम गेला.

भाच्याने विचारलं, तू कधी हे डोळ्यांनी पाहिलंस का? पाहिलंय. एनसीसीत पॉइंट टू-टूची रायफल साफ करताना बोल्ट काढून नळी आभाळाकडे धरायचो. आत उजेडाची गोल वाट आणि तिच्या कडेने वळत गेलेल्या बारीक रेघा. तेल लावलेली चिंधी दोरीने ओढली की ती खाचांत अडकून हलकेच पिळत यायची. त्या नळीचा पीळ १६ इंचांत एक. भाच्याने तोवर कागद ओढून घेतला होता: गोळीची लांबी ०.४५ इंच, व्यास ०.२२३, दुपटीहून किंचित जास्त, दीडशेला भागलं, परत इंच केले. साडेसोळा.

"अर्धा इंच कुठे गेला?" त्याने विचारलं.