भूजलातील आर्सेनिक काढणे

भूजलात विरघळलेले आर्सेनिक वेगळे करून ते पाणी पिण्याजोगे करण्याची प्रक्रिया. आर्सेनिकचे पांढरे विष म्हणजे आपला सोमल आणि त्याचे गंधकयुक्त पिवळे खनिज म्हणजे हरताळ. पोथीतले चुकलेले अक्षर हरताळ फासून झाकत. त्यावरून आलेला वाक्प्रचार अजून रोजच्या बोलण्यात आहे. पाण्यातल्या आर्सेनिकला मात्र ना रंग, ना वास, ना चव. नितळ दिसणारे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यावर तळहात-तळपाय खरखरीत होतात, अंगावर काळे-पांढरे ठिपके उठतात. पुढे त्वचा, फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आयएस १०५०० या भारतीय मानकात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा दिली आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या सीमाभागात बोअरच्या पाण्याची नेहमीची तक्रार जडपणाची असते: डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. या खुणांचा आर्सेनिकशी संबंध नाही. कर्नाटकात ही समस्या ठळकपणे आढळली ती पूर्वेला, रायचूर-यादगीरच्या सोन्याच्या खडकपट्ट्यात. तिथे सोन्याच्या सोबतीने आर्सेनोपायराइट हे आर्सेनिकयुक्त खनिज असते. भारतातले सर्वांत मोठे बाधित क्षेत्र मात्र गंगेच्या गाळाच्या मैदानात आहे. पश्चिम बंगालमधले रुग्ण १९८३ पासून वैद्यकीय नोंदीत आले.

पाणी उकळून उपयोग नाही. वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात आर्सेनिकचे प्रमाण उलट वाढते. फडक्याने गाळणेही व्यर्थ, कारण ते विरघळलेले असते.

खरी गोम आर्सेनिकच्या रूपात आहे. प्राणवायू कमी असलेल्या खोल पाण्यात ते बहुधा आर्सेनाइट रूपात असते. पाण्याच्या नेहमीच्या सामूला (पीएच) त्यावर विद्युतभार नसतो, म्हणून ते सहजी कशाला चिकटत नाही. ब्लीचिंग पावडर किंवा पोटॅशियम परमँगनेट घातले की त्याचे ऋणभारित आर्सेनेट होते. मग लोहक्षार किंवा तुरटी घालून ढवळावे. बारीक पुंजके तयार होतात, आर्सेनेट त्यांना धरून बसते आणि वाळूच्या गाळणीत अडकते. पावसाळ्यात नदीचे पाणी लाल झाले की कळशीत तुरटीचा खडा फिरवायची आपल्याकडची सवय जुनी आहे. तो फिरवला की गढूळपणा खाली बसतो, आर्सेनाइट जागचे हलत नाही. दुसरी पद्धत म्हणजे सक्रिय अॅल्युमिना किंवा लोह हायड्रॉक्साइडच्या दाण्यांतून पाणी सोडणे. हे दाणे काही काळाने भरतात. फॉस्फेट आणि सिलिका जास्त असेल तर लवकरच. ते वेळेवर बदलले नाहीत, तर टाकी दिमाखात उभी आणि पाणी जसेच्या तसे, अशी गत होते.

नाणे टाकून वीस लिटरचा कॅन भरून देणारी आरओ केंद्रे आता गावोगाव दिसतात. त्यांच्या पडद्यातून आर्सेनेट चांगले अडते, आर्सेनाइट त्या मानाने कमी. त्यामुळे केंद्र बसवण्याआधी पाणी तपासणे महत्त्वाचे. जागेवरच्या तपासणी संचात आर्सेनिकचा वायू करून तो मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर घेतात. कागद पिवळा-तपकिरी होतो आणि रंगपट्टीशी ताडून प्रमाण अंदाजतात. नेमका आकडा प्रयोगशाळेतच मिळतो.

काढलेले आर्सेनिक नष्ट होत नाही, फक्त जागा बदलते: तुरटी-लोहाच्या पद्धतीत गाळात, दाण्यांच्या पद्धतीत दाण्यांत, आरओत बाहेर सोडलेल्या पाण्यात. बाधित भागात हे सांडपाणी गटारीला सोडणे किंवा गाळ शेताच्या बांधावर टाकणे म्हणजे ते पुन्हा जमिनीत पाठवणे. म्हणून असा गाळ सिमेंटमध्ये बांधून किंवा तळाला अस्तर घातलेल्या खड्ड्यात ठेवतात.