कुमारवय, खुनी आणि कमी पैशांचा भयपट : पार्श्वभूमी

घरात आणि शाळेत कुणाशीच न जमणारे पंधरा-सोळा वर्षांचे मूल आणि त्याच्याच वस्तीत वावरणारा खुनी ही जोडी स्वतंत्र, म्हणजे मोठ्या स्टुडिओंच्या बाहेर कमी पैशांत होणाऱ्या, भयपटांत आता इतकी रुळली आहे की, ती पहिल्यापासूनच होती असे वाटावे. प्रत्यक्षात ती पैशांच्या चणचणीतून आणि बऱ्याच वळणांनी घडली. मुंबईत ती फार उशिरा पोहोचली. या उशिराचा दोष इथल्या दिग्दर्शकांच्या कल्पनाशक्तीला देण्याचा प्रघात आहे. मला मात्र त्याचे मूळ, असा चित्रपट पाहण्याची परवानगी कोणाला आहे, या प्रश्नात दिसते.

या प्रकाराचा उगम बहुतेक अभ्यासक १९६० सालापाशी नेतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९५७ मध्ये एड गीन या खुन्याला अटक झाली, त्या प्रकरणाच्या छायेत रॉबर्ट ब्लॉक यांची कादंबरी १९५९ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी आल्फ्रेड हिचकॉक यांनी तिच्यावरून ‘सायको’ केला. पॅरामाउंट या स्टुडिओला या विषयात रस नव्हता, म्हणून हिचकॉक यांनी आपल्या दूरचित्रवाणी मालिकेतील तंत्रज्ञ घेऊन, कृष्णधवल फिल्मवर, सुमारे आठ लाख डॉलरांत तो पुरा केला. म्हणजे हॉलिवूडमधील सर्वांत वजनदार दिग्दर्शकालाही हा विषय हाताळताना स्वतंत्र निर्मात्यासारखेच वागावे लागले. पुढे १९६८ मध्ये पिट्सबर्गमध्ये जॉर्ज रोमेरो यांनी आणि १९७४ मध्ये टेक्सासमध्ये टोबी हूपर यांनी स्टुडिओंपासून दूर राहून, स्थानिक आणि अनोळखी नटांना घेऊन भयपट केले. हूपर यांच्या चित्रपटात तरुण मुले आहेत. पण ती फक्त बळी आहेत. त्यांच्या मनात काय चालले आहे, याच्याशी कॅमेऱ्याला देणेघेणे नाही.

ते देणेघेणे सुरू झाले जॉन कारपेंटर यांच्या १९७८ च्या ‘हॅलोविन’पासून. त्याच्या निर्मितीची हकीकत थोडी तपशिलाने सांगण्याजोगी आहे, कारण त्यानंतरच्या प्रत्येक हलाखीतल्या निर्मात्याने तिच्याकडूनच धीर घेतला. खर्च तीन लाख डॉलरांच्या थोडा वर होता. कथा इलिनॉयमधील एका काल्पनिक गावात, पानगळीच्या दिवसांत घडते. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत झाले, त्यामुळे पिवळी रंगवलेली पाने रस्त्यावर पसरायची आणि दृश्य संपले की पुढच्या दृश्यासाठी गोळा करून ठेवायची, असा उद्योग चालला. खुन्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा स्वस्त मुखवटा पांढरा रंगवून केलेला होता. संगीत दिग्दर्शकाने स्वतःच दिले. मुलांना सांभाळण्याचे काम करून हातखर्चाचे पैसे मिळवणारी शाळकरी मुलगी ही नायिका आणि सहा वर्षांचा असताना सख्ख्या बहिणीला मारलेला माणूस हा खुनी, अशी मांडणी असल्यामुळे दोन्ही टोकांना बालपण आले. चित्रपटाने जगभर सुमारे सात कोटी डॉलर मिळवले. त्यानंतर जे पीक आले त्यात बरेचसे टाकाऊच होते.

या यशामागे एक रुक्ष कारणही आहे, आणि मुंबईच्या संदर्भात तेच महत्त्वाचे ठरते. अमेरिकेत अशा चित्रपटांना मिळणारे ‘आर’ हे मानांकन सतरा वर्षांखालील मुलांना बंदी करत नाही. सोबत पालक किंवा मोठे माणूस असले की त्यांना प्रवेश मिळतो. त्यामुळे ज्या वयाची मुले पडद्यावर आहेत, तीच समोरच्या खुर्च्यांत बसू शकत होती आणि निर्माते त्यांना गृहीत धरूनच पटकथा लिहीत होते.

दुसरा एक प्रवाह कमी गाजला, पण आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. त्यात मूल बळी नसते. आपणच उद्याचे खुनी तर नाही ना, ही शंका त्याला पोखरत असते. रोमेरो यांनीच पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडॉक या ओस पडत चाललेल्या पोलादनगरीत ‘मार्टिन’ चित्रित केला. आपण रक्तपिपासू आहोत असे मानणारा त्यातील मुलगा खरोखर पिशाच्च आहे की आजारी, याचे उत्तर चित्रपट शेवटपर्यंत देत नाही. डॅन वेल्स यांच्या २००९ च्या कादंबरीवरून आयरिश दिग्दर्शक बिली ओब्रायन यांनी २०१६ मध्ये केलेला ‘आय ॲम नॉट अ सीरियल किलर’ हा या प्रवाहातला अलीकडचा आणि माझ्या मते सर्वांत समंजस चित्रपट आहे. मिनेसोटाच्या थंडीत १६ मिमी फिल्मवर चित्रित झालेल्या या चित्रपटातला मुलगा आईच्या अंत्यविधीच्या व्यवसायात मदत करतो, स्वतःच्या मनातील हिंसेला घाबरून स्वतःला नियम घालून घेतो आणि शेजारच्या वृद्धावर नजर ठेवू लागतो. इथे भीती दाराबाहेर जितकी आहे तितकीच मुलाच्या डोक्यातही आहे.

आता मुंबई. खऱ्या खुन्यांची या शहराला वाण कधीच नव्हती. साठच्या दशकात उपनगरांतील पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना ठार करणाऱ्या रामन राघवला १९६८ मध्ये, रमाकांत कुलकर्णी गुन्हे शाखेची सूत्रे सांभाळत असताना, पकडण्यात आले. त्याची फाशी मानसिक आजाराच्या कारणावरून १९८७ मध्ये रद्द होऊन जन्मठेपेत बदलली गेली आणि १९९५ मध्ये तो पुण्यात मरण पावला. मराठी घरांना त्याहून खोल चरा पाडला तो पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणाने. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसे मारणारे चौघे कलाशिक्षण घेणारे विद्यार्थी होते, आपल्यासारख्याच घरांतून आलेले. त्यांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. संध्याकाळी सातनंतर दार न उघडणाऱ्या त्या काळातल्या आईवडिलांच्या मनात खुन्यापेक्षाही मोठा प्रश्न होता : अशी मुले घडतात कशी?

मराठी चित्रपटाने या प्रश्नाला हात घातला तो न्यायालयाच्या वाटेने. नाना पाटेकर यांच्या भूमिकेमुळे आठवणारा १९८६ चा ‘माफीचा साक्षीदार’ हा या प्रकरणाचा पडद्यावरील ठळक दस्तऐवज. पण त्याचा घाट खटल्याचा आणि पोलिसी तपासाचा आहे, भयपटाचा नाही. अनुराग कश्यप यांचा ‘पाँच’ याच प्रकरणावरून सैलपणे सुचलेला. त्यातील हिंसा आणि अमली पदार्थ यांवर सेन्सॉरने आक्षेप घेतले आणि तो वर्षानुवर्षे चित्रपटगृहांत लागला नाही. रामन राघववर श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये रघुवीर यादव यांना घेऊन व्हिडिओवर केलेला छोटा चित्रपटही असाच हातोहाती फिरणाऱ्या कॅसेटींवर जगला.

भयपट त्याच वेळी वेगळ्या घरात वाढत होता. कराचीहून मुंबईत आलेल्या रामसे कुटुंबाने १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरच्या सरकारी विश्रामगृहात मुक्काम ठोकून, सगळ्या भावांत कामे वाटून घेऊन, साधारण साडेतीन लाख रुपयांत पुरा केला. व्यवहार पाहिला तर हा अस्सल स्वतंत्र सिनेमाच होता. तरीही त्यातील भय नेहमी जुन्या पापाचे, शापाचे आणि हवेलीचे राहिले. वयात येणाऱ्या मुलाच्या मनाला तिथे जागा नव्हती. ती जागा अरुणा-विकास या दिग्दर्शक जोडीने १९८० च्या ‘गहराई’त करून दिली. विजय तेंडुलकर यांचा लेखनात सहभाग असलेल्या या चित्रपटात, स्वतः कुमारवयीन असलेल्या पद्मिनी कोल्हापुरे यांनी झपाटलेल्या मुलीची भूमिका केली आणि श्रीराम लागूंच्या बुद्धिवादी बापाची तिच्यापुढे होणारी कोंडी हाच खरा भयाचा विषय झाला. मात्र तिथेही हिंसा बाहेरून अंगात येते, मुलीच्या स्वभावातून उगवत नाही. मराठीत सर्वांत लाडका खुनी कोण, असे विचारले तर उत्तर अर्थातच तात्या विंचू. पण महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’तल्या त्या बाहुल्याला घाबरण्यापेक्षा आपण हसलोच अधिक.

खुनी आणि कुमारवय यांची गाठ इथे का पडली नाही, हे समजायला प्रमाणपत्रांकडे पाहावे लागते. १९८३ पर्यंत आपल्याकडे प्रमाणपत्रे मुख्यतः दोनच होती : सर्वांसाठी (‘यू’) आणि प्रौढांसाठी (‘ए’). त्यानंतर ‘यूए’, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याचे प्रमाणपत्र, आले, पण खुनाभोवती फिरणारा भयपट बहुधा ‘ए’मध्येच गेला, आणि ‘ए’ म्हणजे अठरा वर्षांखालील कोणालाही, बाप सोबत असला तरी, दार बंद. सोळा वर्षांच्या मुलावरचा चित्रपट सोळा वर्षांच्या मुलाला दाखवता येत नसेल, तर वितरक तो घेणार कशाला? त्यात या शतकाच्या पहिल्या दशकात, मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर, ‘ए’ चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवण्यावर कडक निर्बंध आले. सॅटेलाइट हक्कांच्या, म्हणजे दूरचित्रवाणीवर दाखवण्याच्या हक्कांच्या, रकमेवर छोट्या निर्मात्याचे अर्धे गणित उभे असते. ते हक्क विकायचे तर चित्रपट कापून ‘यूए’ करून घ्यायचा, आणि मग त्यात कापण्याजोगे जे होते तेच नेमके भयाचे मर्म असायचे.

चित्र पालटले ते २०१६ पासून, नेटफ्लिक्स आणि तत्सम सेवा भारतात आल्यानंतर. त्याच वर्षी कश्यप यांचा ‘रामन राघव २.०’ कान महोत्सवाच्या डायरेक्टर्स फोर्टनाइट विभागात दाखवला गेला; पुढच्या वर्षी विशाल फुरिया यांच्या मराठी ‘लपाछपी’ने कमी पात्रांत आणि एका उसाच्या फडात भय उभे करता येते हे दाखवले, आणि २०१८ मध्ये राही अनिल बर्वे यांचा, कित्येक वर्षे रखडलेला ‘तुंबाड’ आला. यांपैकी एकाही चित्रपटाच्या केंद्रस्थानी खुनाच्या छायेतले कुमारवयीन मूल नाही, हेही नोंदवले पाहिजे. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन स्तर केले, आणि ‘ए’ चित्रपटाला दूरचित्रवाणीसाठी वेगळे प्रमाणपत्र घेण्याची तरतूदही आली. अमेरिकेत १९७८ मध्ये ज्या वयोगटाने तिकीटबारीवर रांगा लावल्या, त्या वयोगटासाठी मुंबईच्या निर्मात्याला कायद्याच्या भाषेत स्वतंत्र रकाना मिळाला तो इतक्या उशिरा. तपासणी समिती खून असलेल्या भयपटाला १६+ देण्याइतकी सैल होते की सवयीने ‘ए’च देते, यावर त्या रकान्याचा उपयोग ठरेल.