आकृतीतला बाण: फॉन्टच्या तुकड्यांपासून टिकझेडपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ड्रॉइंग समोर ठेवून ज्यांनी जॉब केलेत, त्यांना मापाच्या बाणाची किंमत ठाऊक असते. लांबी रुंदीच्या तिप्पट, टोक नेमकं रेघेला टेकलेलं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षीच हे हातात बसवून घेतात. तोच मुलगा पुढे शिवाजी विद्यापीठात प्रबंधासाठी लेटेक, म्हणजे संगणकावर पानं मांडायची प्रणाली, शिकतो. मजकूर बसतो, समीकरणं बसतात आणि गाडी अडते ती आकृतीतल्या बाणापाशी. ही अडचण पिढ्यान् पिढ्यांची आहे.

आपल्या पुस्तकाची वाईट उतरलेली प्रुफं पाहून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९७७ मध्ये टेक या पानं जुळवणाऱ्या प्रणालीचं काम हाती घेतलं. टेकला पानावर दोनच गोष्टी मांडता येत: फॉन्टमधली अक्षरं आणि आडव्या-उभ्या काळ्या पट्ट्या. तिरकी रेघ त्यात नव्हतीच. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात टेकवर बेतून लेटेक केलं, तेव्हा त्यातल्या 'पिक्चर' या आकृत्या काढायच्या सोयीसाठी तिरक्या रेघेचे बारके तुकडे अक्षरं म्हणून फॉन्टमध्येच ठेवले. रेघ म्हणजे हे तुकडे एकापुढे एक लावायचे, छापखान्यात खिळे जुळवावेत तसे. जेवढे खिळे तेवढेच चढ! रेघेचा चढ सहापर्यंतच्या पूर्णांकांत सांगायचा, बाणाचा चारपर्यंतच्या. पाचास चार चढाची रेघ निघे, पण तिला टोक लावता येत नसे. लेटेकमधल्या जुन्या आकृत्यांतले बाण ठरावीक कोनांतच का दिसतात, ते यावरून कळतं.

ही कोंडी फोडली पोस्टस्क्रिप्टनं, म्हणजे पानावर काय कुठे काढायचं ते छपाईयंत्राला सांगणाऱ्या भाषेनं. त्यात वक्ररेषा दोन टोकं आणि दोन नियंत्रणबिंदूंनी ठरते. हे गणित आलं फ्रान्सच्या मोटार कारखान्यांतून: रेनोमध्ये पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो गाडीच्या पत्र्याचे वळसे नेमके सांगायची रीत शोधत होते. साचे घडवणाऱ्या आपल्या गावाला ही गरज वेगळी समजावून द्यायला नको. नुथ यांचे विद्यार्थी जॉन हॉबी यांनी बिंदूंमधून गुळगुळीत वक्र नेण्याची पद्धत बसवली आणि पोस्टस्क्रिप्टमध्ये आकृत्या काढून देणारं मेटापोस्ट लिहिलं. पुढे टिमोथी व्हॅन झांट यांचं पीएसट्रिक्स हे पोस्टस्क्रिप्टवरच चालणारं पॅकेज आलं. मात्र थेट पीडीएफ काढणाऱ्या पीडीएफटेकला, म्हणजे टेकच्याच नव्या रूपाला, पोस्टस्क्रिप्ट कळेना.

टिल टांटाउ यांनी आपल्या पीएचडीच्या आकृत्यांसाठी, पीडीएफटेकवर थेट चालेल असं छोटं पॅकेज केलं. त्यातूनच पीजीएफ आणि त्यावरची आकृत्या लिहायची सोपी भाषा टिकझेड वाढली. बाण वाकवायला 'बेंड लेफ्ट', नियंत्रणबिंदू स्वतः द्यायचे तर 'कंट्रोल्स'. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीनं तर बाणाचं टोकच मोकळं केलं: आकार, लांबी, रुंदी वेगवेगळी सांगता येते. जाड रेघ टोकाबाहेर डोकावू नये म्हणून टिकझेड ती आपणहून आखूड करतं; हाताने काढणारा ड्राफ्ट्समनही हेच सांभाळायचा. 'ट्रँगल' टोक घेऊन लांबी तीन मिलिमीटर, रुंदी एक मिलिमीटर लिहिलं, की उद्यमनगरचा तो तिपटीचा बाण प्रबंधात जसाच्या तसा उतरतो.