आधी पाणी की आधी आत्मा? केडगावच्या ‘मुक्ती’मागची पार्श्वभूमी

२९ सप्टेंबर १८८३ रोजी पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला आणि इकडे महाराष्ट्रात गहजब उडाला. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. बाई बाटल्या की नाही, याचीच चर्चा जास्त झाली. खुद्द बाईंचं समाधान झालं होतं का, हे फारसं कुणी विचारलं नाही.

झालं नव्हतं. पवित्र त्रैक्यावरून (देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तीनपदरी एकच, या शिकवणीवरून) त्यांचे वाँटेजच्या धर्मभगिनींशी खटके उडत होते. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हाही वाद होता. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायचा राहिला होता, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. कॉर्नवॉलमध्ये १८५१ साली उपदेश करता करताच या पाळकाचं मन पालटलं आणि श्रोत्यांतून कुणीतरी ओरडलं, ‘पाळकाचंच तारण झालं!’ बाईंना यात आपली अडचण दिसली असणार.

पाण्याचा बाप्तिस्मा आधी की आत्म्याने आतून पालटणं आधी, हा पेच जुनाच. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी आत्मा आधी उतरतो, पाणी मागाहून येतं. इफिसातले शिष्य योहानाचा बाप्तिस्मा घेतलेले, पण पवित्र आत्मा आहे हेही त्यांच्या कानावर आलेलं नसतं. प्रेषित पौल त्यांना पुन्हा बाप्तिस्मा देववतो, मग हात ठेवतो आणि तेव्हा आत्मा उतरतो. पुढे पश्चिमेकडच्या मंडळीत तान्ह्या बाळांना पाणी मिळू लागलं आणि बिशपांचं हात ठेवणं दृढीकरण नावाचा पुढचा विधी म्हणून वेगळं पडलं. तरीही आतली वेळ कधी येईल, याचा नेम नव्हताच. जॉन वेस्ली दीक्षित पाळक होऊन दहा वर्षं झाली होती, तेव्हा २४ मे १७३८ ला लंडनमधल्या एका सभेत त्यांच्या अंतःकरणात ऊब दाटली. त्यांच्यापासून निघालेल्या मेथडिस्ट परंपरेतूनच पुढे ‘दुसऱ्या कृपे’ची, म्हणजे तारणानंतरच्या आणखी एका आतल्या अनुभवाची भाषा रुजली.

त्याच परंपरेतल्या मिशनरी मिनी एब्रम्स केडगावला रमाबाईंच्या ‘मुक्ती’ आश्रमात त्यांच्या हाताखाली काम करत होत्या. वेल्समधल्या संजीवनाच्या, म्हणजे धार्मिक जागृतीच्या लाटेच्या बातम्या आल्यावर १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी प्रार्थनेचे गट बांधले. जूनअखेर मुली रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या. एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्या म्हणून सोबतीण धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोच कळलं, की ही आग तशी नव्हे. मुक्तीचा वृत्तांत असं सांगतो. मानायचं की नाही ते वाचकाने ठरवावं, पण या मुलींपैकी पुष्कळजणी दुष्काळात आसऱ्याला आलेल्या होत्या, हे विसरू नये. पाण्याचा बाप्तिस्मा आश्रमाच्या आधाराबरोबर आला, अशी शंका टीकाकार घेत. १९०५ चं रडणं कुणी नेमून दिलेलं नव्हतं.

लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीट चळवळ १९०६ ची, म्हणजे केडगावनंतरची. पेंटेकॉस्टल, म्हणजे आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर भर देणाऱ्या पंथांचा इतिहास अमेरिकेपासून सुरू करणाऱ्यांना हे सांगायला हवं. एब्रम्सबाईंनी १९०६ मध्ये आत्म्याच्या व अग्नीच्या बाप्तिस्म्यावर पुस्तिका काढली. ती चिलीत मेथडिस्ट मिशनरी असलेल्या हूव्हर दांपत्याच्या हाती पडली. हूव्हरबाई एब्रम्सबाईंच्या जुन्या सोबतीण. चिलीतल्या वाल्परायसो शहरात १९०९ मध्ये संजीवन झालं आणि वर्षभरात मंडळी फुटली. त्यातून निघालेल्या मेथडिस्ट पेंटेकॉस्टल मंडळीने बालबाप्तिस्मा मात्र सोडला नाही.