बरं झालेल्या मुलाचा ब्लड कॅन्सर परत का येतो?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या घरात लहान मुलाला ब्लड कॅन्सर निघाला की सगळं घर हादरतं. पण १९४७ पर्यंत ज्या रोगावर औषधच नव्हतं, त्यातून आज प्रगत देशांत सुमारे ९० टक्के मुलं बरी होतात. हा रोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, थोडक्यात एएलएल. मुलांच्या कॅन्सरांत सर्वांत जास्त आढळणारा. आपल्याकडे बरं होण्याचं प्रमाण कमी आहे. ज्या मुलांत उपचार हरतात त्यांच्या शरीरात नेमकं काय घडतं, यावर जगभर अनेक विद्यार्थी पीएचडी करतात. त्यांना सापडलेली उत्तरं आपल्या घरातल्या गोळ्यांच्या पाकिटापर्यंत येऊन पोचतात.

निदान होतं तेव्हा मुलाच्या अंगात साधारण एक लाख कोटी कॅन्सरपेशी असतात. महिनाभराच्या केमोनंतर बोन मॅरो, म्हणजे हाडांच्या आतला मगज, तपासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाच टक्क्यांहून कमी दिसल्या, तर रोग आटोक्यात आला असं म्हणतात. तेव्हाही एक हजार कोटींच्या आसपास पेशी शिल्लक असू शकतात! पोर जेवायला लागतं, अंगणात पळतं, घरच्यांना वाटतं सुटलो. भांगलण झालेलं रान वरून स्वच्छ दिसावं आणि मातीत हरळीच्या काशा तशाच राहाव्यात, तशी ही अवस्था. म्हणून उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. एमआरडी नावाची तपासणी दहा हजार पेशींत लपलेली एक कॅन्सरपेशीसुद्धा हुडकते. माझ्या मते मुलाच्या फाइलमधला हा सर्वांत मोलाचा रिपोर्ट.

काही पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यात दडतात. रक्तातून दिलेली बरीच औषधं तिथं पुरेशी पोचत नाहीत. पाठीत सुई घालून औषध सोडतात ते यासाठीच. आईबापांचा जीव त्या सुईला घाबरतो, पण ती चुकवू नये.

रोग परतलाच, तर संशोधकाच्या हाती एकाच मुलाचे दोन नमुने येतात. एक निदानाच्या वेळचा, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेला, आणि दुसरा रोग परतल्यानंतरचा. दोन्हींतला डीएनए वाचायचा आणि काय बदललं ते शोधायचं. २००८ साली ६१ मुलांचे असे जोडनमुने तपासले गेले. अनेकांत परतलेल्या पेशी पहिल्या वेळी बहुसंख्येने असलेल्या पेशींच्या वंशातल्या नव्हत्याच. दोन्हींचा पूर्वज एक, पण शाखा वेगळी, आणि ही दुसरी शाखा बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून थोड्या संख्येने तिथं होती. केमोने थोरली शाखा मारली आणि धाकटीला जागा मोकळी झाली.

२०१३ मध्ये आणखी एक धागा लागला. उपचारांच्या शेवटच्या, देखभालीच्या लांब टप्प्यात मुलं रोज ६-मर्कॅप्टोप्युरिनची गोळी घेतात. पेशीत गेल्यावर हे औषध रूप बदलतं, डीएनएच्या खोट्या विटा बनून आत शिरतं आणि पेशी मरते. रोग परतलेल्या काही मुलांत एनटी५सी२ या जनुकात बिघाड सापडला. त्यातून बनणारं एन्झाइम वाजवीपेक्षा जास्त काम करतं आणि तयार झालेलं औषध मोडून पेशीबाहेर घालवतं. पण ही ताकद त्या पेशीला फुकट मिळत नाही: औषध नसेल तेव्हा ती इतरांपेक्षा मंद वाढते. या दुबळेपणावर नेमका घाव घालता येईल का, याचा शोध सुरू आहे. पुढे असंही दिसलं की असले काही बिघाड खुद्द उपचारांमुळेच घडतात. हे वाचून कुणी केमो सोडू नये. केमो न घेतलेलं मूल वाचत नाही.

आता गोळीकडे येऊ. ती ५० मिलिग्रॅमची मिळते आणि डोस मुलाच्या उंची-वजनावरून ठरतो. त्यामुळे एखाद्याला पाच दिवस एक गोळी आणि दोन दिवस अर्धी, असा आठवडा लावून दिला जातो. तोही दीड-दोन वर्षं, तब्येत ठणठणीत दिसत असताना! अमेरिकेत झाकणात चिप बसवलेल्या बाटल्या देऊन पाहिलं, तेव्हा ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत रोग परतण्याचा धोका सुमारे अडीच पट निघाला. म्हणजे महिन्याला दोन गोळ्या चुकल्या तरी फरक पडतो. सीमाभागात तर आई मराठी वाचते आणि हातातला कागद कानडीत नाहीतर इंग्रजीत असतो. कुणी कोल्हापूरला दाखवतं, कुणी मुंबईला, कुणी पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूला. डोसाचा तक्ता आईला वाचता येईल अशा लिपीत हवा, हे मी उपचारांचाच भाग मानतो.

आणखी एक गोष्ट खास आपल्या रक्तातली. एनयूडीटी१५ या जनुकाचा एक प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत क्वचित, तर दक्षिण आणि पूर्व आशियात बऱ्याच जणांत असतो. असं मूल हीच गोळी नीट पचवू शकत नाही. आई आणि वडील दोघांकडूनही तो प्रकार आला असेल, तर नेहमीच्या डोसाचा दहावा हिस्साही सोसत नाही. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, कोसळतात, ताप येतो, घरचे घाबरून गोळ्या बंद करतात आणि उरलेल्या पेशींना रान मोकळं मिळतं. डॉक्टरांनी डोस कमी केला तर उपचार चालूच असतात, आपण परस्पर बंद केल्या तर थांबतात. ही तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते. गोळ्या सुरू होण्याआधी तिच्याबद्दल जरूर विचारावं, आणि ताप आला तर रात्र असली तरी दवाखान्यात फोन लावावा.